बोधचिन्हातला धनेश आला कोठून?

विश्रामबाग (सांगली) : पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेल्या कोणत्याही घरातल्या पुस्तकांच्या कपाटात ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे एखादे तरी प्रकाशन हमखास सापडते. त्या संस्थेच्या नावाशेजारी एक पक्षी असतो. खाली वाकलेली भली थोरली चोच आणि त्या चोचीवर शिरस्त्राण चढवल्यासारखा उंचवटा. हा महाधनेश, इंग्रजीतला ‘ग्रेट हॉर्नबिल’. संस्थेचे मुंबईतील मुख्यालय ‘हॉर्नबिल हाऊस’ या नावाने ओळखले जाते आणि १९७६ सालापासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकाचे नावही ‘हॉर्नबिल’ असेच आहे.

मात्र मुंबईत जन्मलेल्या संस्थेने हाच पक्षी का निवडावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. महाधनेश हा काही मुंबईचा पक्षी नव्हे. तो दाट, सदाहरित जंगलांचा रहिवासी आहे. वाघ, मोर, गेला बाजार पानकोळीसुद्धा चालला असता. महाधनेशाची भव्यता आणि दुर्मिळता पाहून एखाद्या समितीने विचारपूर्वक त्याची निवड केली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या बोधचिन्हाचा माग काढत गेले, की वाट जंगलात न जाता मुंबईच्या कोट भागातील एका मद्यविक्रेत्याच्या कचेरीत जाते. तेथे एका खुर्चीमागे एक पिंजरा होता, आणि पिंजऱ्यात ‘विल्यम’ नावाचा एक धनेश होता.

साताऱ्यात जन्मलेला संस्थापक

१५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ मुंबईकर एकत्र आले. निसर्गात जे पाहिले त्याची टिपणे एकमेकांना सांगावीत आणि जमवलेले चमत्कारिक नमुने दाखवावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. आज ज्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात, त्या भायखळ्याच्या वास्तूत ही मंडळी जमली होती.

या आठांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचे नाव सातारा-सांगलीकरांनी ध्यानात ठेवावे असे आहे. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणारे हे विनोदी आणि मिस्कील निसर्गलेखक १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यात जन्मले. वडील स्कॉटिश मिशनरी होते. शिक्षण मुंबई-पुण्यात झाले, काही वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवली आणि नंतर जकात व मीठ खात्यात नोकरी धरली. या नोकरीने त्यांना उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा असे किनाऱ्यावरून फिरवले आणि त्यांच्या लेखणीला विषय पुरवले. सोसायटीच्या पहिल्या काळात तिचे सचिवपद त्यांनीच सांभाळले आणि जानेवारी १८८६ मध्ये सुरू झालेल्या तिच्या जर्नलचे ते आर. ए. स्टर्नडेल यांच्यासह पहिले संपादक होते.

संस्थापकांत दोन मराठी डॉक्टरही होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांची सावत्र कन्या रखमाबाई पुढे डॉक्टर झाली. साहेबांनी साहेबांसाठी काढलेली संस्था, अशी जी प्रतिमा या सोसायटीची पुष्कळदा रंगवली जाते, ती या दोन नावांमुळे मुळातच थोडी दुरुस्त करावी लागते.

संस्थेकडे पैसा नव्हता आणि जागाही नव्हती. जानेवारी १८८४ मध्ये हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या मद्याच्या पेढीतील एक खोली देऊ केली. १८८६ मध्ये सोसायटीचे बिऱ्हाड ६, अपोलो स्ट्रीट येथे हलले. हा रस्ता म्हणजे आजचा मुंबई समाचार मार्ग. फिप्सन मानद सचिव झाले आणि तेव्हापासून मद्याची पेढी व निसर्ग-अभ्यासाची संस्था एकाच छपराखाली नांदू लागल्या. बाटल्यांचा हिशेब आणि सापांच्या बरण्या यांचा शेजार होता म्हणायला हरकत नाही. (याच फिप्सन यांच्याशी १८८९ मध्ये कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांचा विवाह झाला. रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात त्यांचा मोठा हात होता. त्या काळची मुंबई किती लहान होती, हे अशा धाग्यांवरून कळते.)

कारवारहून आलेला पाहुणा

फिप्सन यांनी लिहून ठेवलेल्या माहितीनुसार विल्यमचा जन्म मे १८९४ मधला. तीन महिन्यांचा असताना कारवारच्या एच. इंगल यांनी तो सोसायटीला भेट दिला. कारवार आज कर्नाटकात असले, तरी तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. पश्चिम घाटाच्या त्या पट्ट्यात महाधनेशाची वीण उन्हाळ्याच्या सुमारास उरकते. तेव्हा ढोलीतून बाहेर पडण्याच्या वयाचे पिल्लू पावसाळ्यात मुंबईत पोहोचले, हे जुळते.

तिसरे वर्ष संपेपर्यंत विल्यमची लांबी सव्वाचार फूट भरली. म्हणजे जवळजवळ १३० सेंटिमीटर, या जातीसाठी दिल्या जाणाऱ्या लांबीच्या अगदी वरच्या टोकाला. एवढे धूड कचेरीत, तेही कामकाज चालू असताना, कसे सामावले असेल याची कल्पनाच केलेली बरी. सोसायटीतल्या मंडळींनी त्याला गमतीने ‘ऑफिसची कॅनरी’ असे टोपणनाव दिले होते. कॅनरी म्हणजे मुठीत मावणारा गाणारा पक्षी. आणि महाधनेशाचा आवाज म्हणजे भुंकण्यासारखी कर्कश हाक.

विल्यमच्या सवयींविषयीच्या ज्या नोंदी उरल्या आहेत, त्या वरवर गमतीदार वाटतात. पण पक्षिशास्त्राच्या कसोटीवर पाहिल्या तर त्यांतल्या बऱ्याच नोंदी चोख उतरतात. तो फळे खाई, रानउंबरासारखी फळे त्याला विशेष प्रिय. जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चे मांसही तो चवीने गिळत असे. महाधनेश मुख्यतः फलाहारी आहे, वड-पिंपळ-उंबर वर्गातली फळे हा त्याचा मुख्य आहार. पण सरडे, उंदीर, लहान पक्षी मिळाले तर तो सोडत नाही. विल्यम पाणी पीत नसे, असे नोंदवले आहे. जंगलातही या पक्ष्याला लागणारे पाणी बहुतांशी फळांच्या रसातूनच मिळते.

सर्वांत प्रसिद्ध गोष्ट टेनिसच्या चेंडूची. सुमारे तीस फुटांवरून फेकलेला चेंडू विल्यम चोचीत अचूक झेलत असे. हे कोणी शिकवलेले कसब असेल असे वाटते खरे, परंतु त्याचे मूळ धनेशाच्या शरीररचनेत आहे. या पक्ष्यांची जीभ आखूड असते. चोचीच्या टोकाशी धरलेले फळ जिभेने घशाकडे सरकवणे त्यांना जमत नाही. म्हणून ते फळ हवेत उडवतात आणि मान मागे टाकून थेट घशात झेलतात. दिवसातून कितीतरी वेळा हाच खेळ करणाऱ्या पक्ष्याला टेनिसचा चेंडू म्हणजे एक मोठेसे उंबरच. एवढी मोठी चोच पेलण्यासाठी धनेशांच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांत सांधलेले असतात.

खुर्चीमागचा पिंजरा

फिप्सन १९०६ पर्यंत मानद सचिव होते. त्यांच्यानंतर ती जबाबदारी वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड यांच्याकडे आली. मिलार्ड १८८४ मध्ये फिप्सन यांच्या पेढीत मदतनीस म्हणून मुंबईस आले होते, म्हणजे विल्यमला त्यांनी पिल्लू असल्यापासून पाहिले होते. विल्यमचा पिंजरा मिलार्ड यांच्या खुर्चीच्या पाठीमागे असे.

या खोलीत १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा बिचकत शिरला होता. त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती; तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ही कोणती चिमणी हे घरात कोणालाच सांगता येईना. मामा अमीरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सदस्य होते. त्यांची चिठ्ठी घेऊन मुलगा अपोलो स्ट्रीटवर आला. मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे ओळखून दाखवले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले आणि सालिम अली या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. ही कथा भारतातील प्रत्येक पक्षिमित्राला ठाऊक आहे आणि सालिम अलींनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातही त्या चिमणीला स्थान दिले. मात्र त्या कचेरीत त्याच काळात एक जिवंत महाधनेशही होता, ही गोष्ट या कथेच्या सांगण्यात सहसा येत नाही. चिमणी दंतकथेत अमर झाली. धनेश बोधचिन्हात गेला.

तार की ताटातूट?

विल्यम १९२० मध्ये मेला. सव्वीस वर्षे तो त्या कचेरीत होता. सांगलीकरांना काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर १९१९ साली विश्रामबागेतले विलिंग्डन महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा विल्यम अजून हयात होता.

त्याच्या मृत्यूविषयी जो मजकूर सर्वत्र उद्धृत होतो, तो सर नॉर्मन किनिअर यांचा आहे. १९५२ मध्ये मिलार्ड यांचे निधन झाल्यावर किनिअर यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि त्यात विल्यमची आठवण काढली. विल्यमने तारेचा तुकडा गिळला व त्यामुळे तो मेला असे सांगितले जाते, असे त्यांनी लिहिले. परंतु याच पक्ष्याने पूर्वी एकदा पेटती सिगार गिळूनही त्याला काही झाले नव्हते, असे सांगून आपल्या मते खरे कारण जुन्या मित्राचा वियोग हेच होते, अशी पुस्ती त्यांनी जोडली. मिलार्ड त्याच वर्षी हिंदुस्थान सोडून विलायतेस गेले होते.

मजकूर हृद्य आहे, म्हणूनच तो नीट पारखून घ्यायला हवा. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ब्रीदवाक्यच मुळी ‘कोणाच्याही शब्दावर विसंबू नका’ अशा अर्थाचे आहे, आणि शास्त्रीय संस्थेच्या बोधचिन्हाचा शोध घेताना ते पाळलेले बरे. किनिअर १९०७ पासून १९२० पर्यंत सोसायटीच्या संग्रहाचे क्युरेटर होते. त्यामुळे पिंजरा खुर्चीमागे होता, पक्षी सव्वीस वर्षे होता, सोसायटीत येणारा प्रत्येक जण त्याला ओळखत असे, या त्यांच्या विधानांना जाणकाराच्या साक्षीचे वजन आहे. मृत्यूच्या कारणाचे तसे नाही. तारेची हकीकत त्यांनी स्वतःच ऐकीव म्हणून दिली आहे, आणि ती बत्तीस वर्षांनंतर लिहिली आहे. वियोगाचे कारण हे त्यांचे मत आहे, तेही मित्राच्या मृत्युलेखात मांडलेले.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. धनेश हे जोडीने राहणारे, दीर्घायुषी पक्षी आहेत. महाधनेश बंदिवासात पन्नास वर्षांपर्यंतही जगू शकतो. त्या मानाने विल्यम म्हातारा झालेला नव्हता.

१९३३ : सुवर्णमहोत्सव

सोसायटीला १९३३ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्या सुवर्णमहोत्सवी वर्षात महाधनेशाचे बोधचिन्ह तयार करण्यात आले. विल्यमला जाऊन तेव्हा तेरा वर्षे लोटली होती. फिप्सन आणि मिलार्ड मुंबईत नव्हते, किनिअर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होते. मग आठवण जिवंत ठेवली कोणी?

याचे उत्तर सोसायटीच्या नोकरवर्गाच्या इतिहासात दडलेले दिसते. १९२३ पासून १९४७ पर्यंत स्टॅनली हेन्री प्रेटर क्युरेटर होते. भारतीय सस्तन प्राण्यांवरील त्यांचे १९४८ चे पुस्तक आजही वापरले जाते आणि संविधान सभेत ते अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी होते. हे प्रेटर सोसायटीत आले १९०७ मध्ये, कनिष्ठ पदावर. म्हणजे विल्यमच्या आयुष्याची शेवटची तेरा वर्षे त्यांच्या डोळ्यांसमोर गेली होती. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी संस्थेचे रोजचे काम ज्याच्या हाती होते, त्याला हा पक्षी रोज भेटलेला होता. या एका तपशिलाने १९२० आणि १९३३ यांमधले अंतर बरेच कमी होते.

बोधचिन्ह म्हणजे जातीचे प्रतीक असते, एखाद्या जनावराचे व्यक्तिचित्र नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल. पण जगातल्या सर्वांत ओळखीच्या निसर्गसंस्थेची गोष्टही अशीच आहे. १९६१ मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड स्थापन झाला, तेव्हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चि-चि नावाची पांडा मादी गाजत होती. ती १९५८ मध्ये तेथे आली होती. जेराल्ड वॉटरसन यांनी केलेल्या रेखाटनांवरून पीटर स्कॉट यांनी संस्थेचे पहिले बोधचिन्ह काढले. पांडा काळा-पांढरा असल्याने छपाईचा खर्च वाचेल, हाही विचार त्यामागे होता. चि-चिचा पेंढा भरलेला देह पुढे ज्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ठेवला गेला, त्याचे संचालकपद १९४७ ते १९५० या काळात नॉर्मन किनिअर यांनी भूषवले होते.

वन्यजीवांच्या रक्षणाची ही दोन्ही चिन्हे पिंजऱ्यातल्या प्राण्यांवरून आली, हा विरोधाभास लपवण्यात अर्थ नाही. विल्यमचे लाड झाले, पण तो एकदाही घरट्यावर गेला नाही. महाधनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी उरते. एक किंवा दोन अंडी, सुमारे चाळीस दिवस उबवणे आणि त्या सर्व काळात नराने चोचीतून आणलेली फळे फटीतून भरवणे, असा हा संसार असतो. नर मारला गेला तर ढोलीतल्या कुटुंबावर उपासमारीची वेळ येते. जंगलातून उडताना त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा दूरवर ऐकू येतो, आणि तो ज्या झाडांची फळे खातो त्यांच्या बिया मैलोन्‌मैल पसरवतो.

आज विल्यमची भेट कोणी स्वीकारली असती, तर तो गुन्हा ठरला असता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत महाधनेशाचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१८ पासून त्याला ‘असुरक्षित’ वर्गात घातले आहे. केरळ आणि अरुणाचल प्रदेशाचा तो राज्यपक्षी आहे. महाराष्ट्राने मान हरियालाला दिला. महाराष्ट्रात तो दिसतो तो प्रामुख्याने कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या जंगलांत, सिंधुदुर्गात तिलारी-आंबोलीच्या बाजूला. देशावरच्या वड-पिंपळांवर दिसणारा धनेश वेगळा, तो आकाराने बराच लहान असलेला राखी धनेश. दोघांची गल्लत पुष्कळदा होते.

महाधनेशाला घरट्यासाठी झाडही साधे चालत नाही. ढोली पडण्याइतके जुने, रुंद बुंध्याचे झाड हवे. बेहड्यासारखी झाडे त्यासाठी उपयोगी पडतात. देवाच्या धाकाने राखलेल्या देवरायांत अशी झाडे उरली आहेत. खासगी मालकीच्या रानांत बेहड्याला लाकूड म्हणून फारशी किंमत येत नाही, तरी जळणासाठी त्याच्यावर कुऱ्हाड पडते.

सोसायटीच्या जर्नलचे जुने खंड आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. विल्यमचा माग घ्यायचा असेल, तर मिलार्ड यांच्यावरचा तो मृत्युलेख पन्नासाव्या खंडात आहे.